चालू झाला, पण जागा नाही झाला

आमच्या होस्टेलच्या विंगमध्ये पीसी चालू करायची एक ठरलेली पद्धत आहे. बटण दाबायचं, ब्रश-पेस्ट उचलायची, बेसिनवर नंबर लावायचा, कुणाच्या तरी रूममध्ये डोकावून रात्रीच्या मॅचचा स्कोअर विचारायचा आणि मग परत यायचं. तोपर्यंत वॉलपेपर आलेला असतो. वॉलपेपर आला म्हणजे झालं, असं समजून जो डबल-क्लिक करतो तो फसतो. काहीच होत नाही. म्हणून तो परत डबल-क्लिक करतो. मग तिसऱ्यांदा, जरा जोरात. (माऊसला जोर कळतो अशी आपल्या सगळ्यांची श्रद्धा आहे.) आणि पाच मिनिटांनी तीच खिडकी एकामागून एक तीनदा उघडते.

ह्या विषयावर विंगमध्ये तीन पक्ष आहेत. 'व्हायरस आहे', 'रॅम वाढव' आणि 'फॉरमॅट मार'. सेकंड इयरपर्यंत मी तिसऱ्या पक्षाचा निष्ठावंत कार्यकर्ता होतो. माझं पक्षांतर झालं ते भोसरीत, आणि ते फार मानाने झालं असं म्हणता येणार नाही.

माझ्या रूमपार्टनरच्या मामांचं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी, एक सीएनसी लेथ, सात माणसं. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारे जे व्हेंडर, त्यांचं जॉबवर्क मामा करतात. शॉपमध्ये पीसी एकच. त्यावर ड्रॉइंग, कॅमचं सॉफ्टवेअर आणि नऊ वर्षांचे प्रोग्रॅम. इथे एक खुलासा करतो. शॉपमध्ये 'प्रोग्रॅम' म्हणजे मशीनला द्यायचा जी-कोड. पहिल्या दिवशी मी ऑपरेटरला "कुठला प्रोग्रॅम स्लो उघडतो?" असं विचारलं, तर त्याने मला सरळ पार्ट नंबर सांगितला. म्हणून इथून पुढे पीसीवरच्या प्रोग्रॅमला मी सॉफ्टवेअरच म्हणणार.

सकाळी साडेसातला शिफ्ट सुरू होते. आधी पीसी चालू करायचा, कॅम उघडायचं, त्या दिवसाचा प्रोग्रॅम काढून केबलने मशीनला पाठवायचा, मग फर्स्ट पीस. बटण दाबल्यापासून कॅम हाताळता येईपर्यंत बारा मिनिटं जायची. तोवर दोन्ही व्हीएमसी उभ्या. मामांचा हिशेब तोंडपाठ होता. "इंजिनिअर, एका मशीनचा तास पाचशेचा. बारा-बारा मिनिटं दोन मशीन, म्हणजे दिवसाला दोनशे. महिन्याचे सव्वीस दिवस धर. पाच हजार दोनशे रुपयांचा चहा पितो आम्ही." एका दुकानदाराने नवीन पीसीचं पंचेचाळीस हजारांचं कोटेशन देऊन ठेवलेलं. पार्टनर म्हणाला, "मामा, थांबा. आमचा हा आहे ना." 'हा' म्हणजे मी.

गुरुवारी गेलो. बाहेरगावच्या ज्युनियर्ससाठी सांगतो, पिंपरी-भोसरी पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळ्या औद्योगिक वसाहती एकाच दिवशी बंद आणि मग एकाच दिवशी चालू झाल्या तर विजेचा भार एकदम पडतो, म्हणून वार वाटून दिलेले आहेत. ही माहिती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या पहिल्या गुरुवारी मी काय केलं? टास्क मॅनेजर उघडला, स्टार्टअपच्या टॅबमध्ये जे दिसेल ते डिसेबल. मग सर्व्हिसेसची यादी उघडली आणि ज्याचं नाव ओळखीचं वाटलं नाही तेही बंद. पीसी रीस्टार्ट केला, बारा मिनिटांची आठ झाली. मामांनी वडापाव खिलवला, पार्टनरची कॉलर ताठ झाली. आम्ही निगडीची बस पकडून परत आलो.

शुक्रवारी सकाळी पावणेआठला फोन. "अरे, कॅम लायसन्स नाही म्हणतंय. चाकणला साडेदहाला माल द्यायचाय." त्या कॅमला यूएसबीचा डोंगल लागतो आणि डोंगलशी बोलणारी एक सर्व्हिस असते. मला अनोळखी वाटलेल्या नावांत तीसुद्धा होती. मी फोनवरून एकेक सर्व्हिस परत चालू करायला सांगत होतो, तिकडे ऑपरेटर वाचून दाखवत होता, आणि मी काय काय बंद केलं होतं ते मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. पन्नास मिनिटं गेली. टेम्पो उशिरा निघाला, मामांनी व्हेंडरचं बोलणं खाल्लं. मला ते काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

मग आठवडाभर हा विषय नीट वाचला. जे समजलं ते असं.

वॉलपेपर दिसणं म्हणजे कारखान्याचं गेट उघडणं. आत अजून कोणी मशीनवर उभं नसतं. विंडोज मुद्दामच डेस्कटॉप लवकर दाखवते, आणि मागे कामांची रांग चालूच असते: सर्व्हिसेस, अँटीव्हायरस, प्रिंटरवाल्याचं काहीतरी, प्रत्येक सॉफ्टवेअरचा स्वतःचा अपडेट शोधणारा नोकर. ह्यातली बरीच मंडळी तुमच्या डबल-क्लिकच्या आधीपासून रांगेत असतात. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने एक सोय केली. ज्या सर्व्हिसेस तातडीच्या नाहीत त्यांना 'डिलेड स्टार्ट' लावता येतं. त्या साधारण दोन मिनिटं उशिरा उठतात. म्हणजे आपल्या गुरुवारच्या सुट्टीचीच आयडिया! सगळ्यांनी एकदम भार टाकू नये. पण गंमत अशी, की नेमकं दोन मिनिटांनी आपण ब्रश करून परत आलेलो असतो.

आता ह्या गर्दीने एवढं काय बिघडतं? प्रोसेसर तर सेकंदाला अब्जावधी सूचना पार पाडतो. बिघडतं ते हार्ड डिस्कमुळे. नेहमीची डेस्कटॉपची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे फिरते, म्हणजे एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य ट्रॅकवर जायला आणखी नऊएक. बेरीज तेरा मिलिसेकंद. म्हणजे इकडचे-तिकडचे छोटे तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला फार तर पंचाहत्तर-ऐंशी. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरा. सेकंदाला तीनशे केबी! हीच डिस्क सलग पिक्चर कॉपी करताना सेकंदाला शंभर एमबी सहज देते.

हे मामांना समजावताना मी त्यांच्या टूल स्टोअरचं उदाहरण दिलं. एकच स्टोअरकीपर. एकाने यादी दिली तर तो रॅकच्या ओळीने सगळं काढून देतो. वीस जणांनी एकेक वस्तू ओरडून मागितली तर तो ह्या टोकाकडून त्या टोकाकडे नुसता पळतो आणि हातात काहीच जमा होत नाही. मामा म्हणाले, "आणि दोघांनी एकच इन्सर्ट मागितला तर भांडण." मी म्हटलं, ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात येतं.

एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे तिथे एक तुकडा वाचायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. शंभर पटींच्या वर फरक. म्हणूनच हल्लीच्या लॅपटॉपवाल्यांना ह्या लेखातलं अर्धं दुखणं माहीतच नसेल. पण आपल्या लॅबमध्ये, ऑफिसमध्ये आणि सेकंडहँड असेंबल केलेल्या पीसींत फिरत्या डिस्का अजून पुष्कळ आहेत.

आणखी एक गोष्ट. कुठलंही सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा उघडलं की पटकन उघडतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. कारण पहिल्या वेळी वाचलेल्या फाइली विंडोज रिकाम्या रॅममध्ये धरून ठेवते. पीसी बंद केला की ते सगळं पुसलं जातं. २००१ च्या एक्सपीपासून विंडोज एक नोंदही ठेवते: हे सॉफ्टवेअर उघडताना सुरुवातीला कुठल्या फाइलींचे कुठले भाग लागले. पुढच्या वेळी ते ओळीने आधीच आणले जातात. ह्याला प्रीफेच म्हणतात. 'प्रीफेच फोल्डर साफ केला की पीसी फास्ट होतो' असं जे ज्ञान आपल्या विंगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय ते अगदी उलटं आहे. यादी फाडली तर स्टोअरकीपर पुन्हा पळणारच.

हे वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात एक प्रश्न पक्का बसला, आणि खरं तर हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे. सॉफ्टवेअर उघडत नाही तेव्हा पीसी राबतोय की वाट बघतोय? दोन्ही वेळा स्क्रीनवर तोच गोल फिरत असतो, पण आजार वेगवेगळे आणि औषधंही वेगळी.

दुसऱ्या गुरुवारी वही, पेन आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन गेलो. माझी सगळी करामत फोनवरून आधीच उलटवली होती, त्यामुळे पीसी मूळच्या अवस्थेत होता. ह्या वेळी काहीही बंद न करता आधी फक्त बघायचं ठरवलं.

सगळ्यात आधी डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे; डिस्क स्वतःबद्दल ज्या नोंदी ठेवते त्या ते दाखवतं. पिवळा शेरा आला. 'पेंडिंग सेक्टर' चाळीस. म्हणजे चाळीस जागा अशा, की डिस्कला त्या धड वाचता येत नाहीत. अशा ठिकाणी डिस्क हट्टाने पुन्हा पुन्हा वाचत बसते, कधी कधी कित्येक सेकंद, आणि मागची सगळी रांग खोळंबते. माझ्या पोटात गोळा आला. नऊ वर्षांचं काम ह्या एका डिस्कवर, आणि गेल्या गुरुवारी मी हिलाच फॉरमॅट मारायच्या गप्पा करत होतो! बाकी सगळं बाजूला ठेवून तीन तास नुसतं कॉपी केलं. दोन फाइली आल्याच नाहीत. एक होता दर दोन महिन्यांनी लागणाऱ्या पार्टचा प्रोग्रॅम. मामा म्हणाले, थांब, आणि व्हीएमसीच्या कंट्रोलच्या मेमरीत शोधून तो उलट पीसीवर घेतला. दुसरी फाइल एका ड्रॉइंगची. ती गेली ती गेलीच. नमुन्याचा पार्ट आणि व्हर्नियर घेऊन मामांना ते परत काढावं लागलं.

मग मोजमाप. विंडोज स्वतःही मोजते, हे मला तोवर माहीत नव्हतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत जात गेलं की १०० नंबरच्या नोंदी सापडतात. डिटेल्समध्ये दोन आकडे बघायचे. एक, डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ. दुसरा, त्यानंतर पीसी बऱ्यापैकी मोकळा होईपर्यंतचा. आमच्याकडे आदल्या आठवड्यातली नोंद होती: पहिला ७१ सेकंद, दुसरा ६४० सेकंद. म्हणजे गेट उघडायला सव्वा मिनिट आणि माणसं मशीनवर यायला पावणेअकरा! बाराव्या मिनिटाला कॅम मिळायचं, त्यात आश्चर्य ते काय.

पुढे स्टॉपवॉचने तीन प्रयोग केले. हे तुम्हीही करा, पैसे लागत नाहीत. पीसी चालू झाल्या झाल्या कॅम उघडून बघितलं: डेस्कटॉप दिसल्यापासून साडेदहा मिनिटं. मग रीस्टार्ट करून पंधरा मिनिटं कशालाही हात न लावता बसलो (ही ह्या प्रयोगातली सर्वात अवघड पायरी) आणि मग उघडलं: १ मिनिट ३५ सेकंद. बंद करून लगेच परत उघडलं: ४० सेकंद.

साडेदहा मिनिटं आणि दीड मिनिट ह्यांतला फरक म्हणजे रांग. दीड मिनिट आणि चाळीस सेकंद ह्यांतला फरक म्हणजे डिस्क, कारण दुसऱ्या वेळी रॅममधून मिळालं. पण उरलेले चाळीस सेकंद? फाइली रॅममध्ये आहेत, रांग संपलीय, मग हे चाळीस कसले?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर समोर ठेवला आणि कॅम परत उघडलं. थोडा वेळ प्रोसेसर हलला आणि मग सगळं शांत. प्रोसेसर दोन टक्के, डिस्क शून्य. गोल मात्र फिरतोय. तीनदा मोजलं. २१ सेकंद, २२ सेकंद, २१ सेकंद. मग एकदम हालचाल आणि कॅम उघडलं.

राबतच नव्हता. वाट बघत होता. कोणाची? नेटवर्कवर समोरचा पीसी उत्तर देत नसेल तर विंडोज बहुतेकदा तीनदा दार ठोठावते आणि प्रत्येक वेळी आधीच्या दुप्पट थांबते: ३ सेकंद, मग ६, मग १२. बेरीज करा, २१! वेळ दर वेळी तेवढाच आणि पीसी निवांत, असं दिसलं की डोळे झाकून नेटवर्ककडे बघावं. 'धिस पीसी'मध्ये झेड ड्राइव्हवर लाल फुली होती. तो जायचा शॉपच्या जुन्या पीसीवर. तो पीसी चार वर्षांपूर्वी भंगारात गेला होता आणि आमचं कॅम रोज सकाळी त्याच्या दारावर जाऊन २१ सेकंद उभं राहत होतं. पंचेचाळीस हजारांचा नवीन पीसी आणून त्यावर हीच सेटिंग कॉपी केली असती, तरी ते तिथेही तेवढंच उभं राहिलं असतं.

कॅमच्या सेटिंगमध्ये लायब्ररीचा रस्ता सी ड्राइव्हवर वळवला आणि झेड काढून टाकला. चाळीसचे एकोणीस झाले.

रांग मात्र ह्या वेळी एकेक करून कमी केली. एक बंद, रीस्टार्ट, कॅम उघडतं का, डोंगल दिसतो का, मशीनला फाइल जाते का, वहीत नोंद. मग पुढचं. स्टार्टअपमध्ये एका स्कॅनरचं सॉफ्टवेअर होतं. स्कॅनर पाच वर्षांपूर्वी जळलेला. शाई संपत आल्याची आठवण करणारं एक, जुन्या मोबाइलचं एक, आणि अपडेट शोधणारे तीन नोकर. सर्व्हिसेसना हात लावला नाही. तो धडा पाठ झाला होता. सर्वात मोठा मासा अँटीव्हायरसमध्ये सापडला. पूर्ण स्कॅन 'पीसी चालू होताच' असा कुणीतरी लावून ठेवला होता. अँटीव्हायरस बंद करायचा नाही, फक्त स्कॅनची वेळ दुपारी एकची, जेवणाच्या सुट्टीची केली. एवढ्यावर बाराची सहा मिनिटं झाली.

उरलेली सहा मरत्या डिस्कची होती. तिला एसएसडी हेच उत्तर होतं. तीन हजारांच्या आत आली. डिस्क खराब असल्यामुळे क्लोन करायच्या भानगडीत पडलो नाही. विंडोज नव्याने टाकलं, कॅमची सीडी मामांच्या देव्हाऱ्याखालच्या कपाटात मिळाली, डोंगल होताच. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा जुना प्रोसेसर ११ च्या यादीत बसत नाही, म्हणून इंटरनेट ह्या पीसीवरून काढलं. बँक आणि जीएसटी मामांच्या लॅपटॉपवर. बटण दाबल्यापासून कॅम हाताळता येईपर्यंत आता बावन्न सेकंद.

आता आपल्या होस्टेलबद्दल. आपल्याकडचं दुखणं बहुतेकदा रांगेचंच असतं: गेमचे लाँचर, चॅटवाले, टॉरेंट. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये एकेक बंद करा आणि लिहून ठेवा. मेमरीचा आकडा नव्वद टक्क्यांवर दिसत असेल तर 'रॅम वाढव' पक्षाचं म्हणणं खरं आहे, कारण रॅम भरली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरते. चाळीस टक्क्यांवर असेल तर वाढवून काही होणार नाही. विंडोज ८ पासून एक घोळ आहे तोही सांगतो. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, गाभा डिस्कवर तसाच झोपवून ठेवते. त्यामुळे 'रोज बंद करतो तरी सुधारत नाही' अशी तक्रार असेल त्यांनी एकदा शटडाउनऐवजी रीस्टार्ट करून बघावं.

ऑफिसमधल्या आणि लॅबमधल्या मंडळींनी आधी लाल फुलीवाले ड्राइव्ह आणि नसलेले नेटवर्क प्रिंटर शोधावेत. आपल्या ह्याच अंकाचं डीटीपी जिथे होतं त्या पीसीवर वेगळीच मौज निघाली. पेज लावायचं सॉफ्टवेअर उघडायला चार मिनिटं, डिस्क ठणठणीत, रांग छोटी, नेटवर्क नाहीच. आत सातशेच्या वर फाँट! आजवरच्या प्रत्येक संपादक मंडळाने स्वतःच्या आवडीचे टाकलेले, काढले कोणीच नाहीत. सॉफ्टवेअर उघडताना बिचारं सगळ्यांची हजेरी घेत होतं. लागतात ते साठ ठेवले, बाकीचे एका फोल्डरमध्ये बांधून ठेवलेत. पुढच्या मंडळाने कृपया परत ओतू नयेत.

मामांकडे परवा गेलो होतो. नवीन पीसीचं कोटेशन कॅलेंडरमागे खोचलेलं होतं, त्याच्या पाठीवर त्यांनी रोजचे फर्स्ट पीसचे टाइम लिहायला सुरुवात केली आहे. जुनी डिस्क त्यांनी फेकली नाही, पेपरवेट केलीय. ऑपरेटर मात्र माझ्याशी जरा तुटकच बोलला. सकाळचा चहा आता साडेनऊला मिळतो म्हणे.